विस्तव कोणाकडचा?

"उकडतंय आज," असं आमचे मास्तर सरळ कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "उकडतंय, असं मघाशी शिपाई म्हणत होता. मला अजून तसं वाटलेलं नाही. पण तो बिचारा सकाळपासून विहिरीवरून पाणी ओढतोय, त्याला जास्त कळणार." मग थोड्या वेळानं उपरण्यानं मान पुसत म्हणायचे, "हो रे, आता मलाही वाटायला लागलं. आता हे माझं." आणि पुढे शिकवायला लागायचे.

अशा माणसाला विनोद सांगता येईल का? छे! विनोदाच्या आधी त्याची वंशावळ यायची. "हा विनोद माझ्या थोरल्या साडूंचा. ते हयात आहेत, दिघीला असतात. आवडला तर त्यांना कळवा, मला नको. त्यांना तो त्यांच्या आत्यानं सांगितला होता, पण आत्यानं जरा निराळा सांगितला होता." हे सगळं होईपर्यंत तास संपायचा. साडूंचे किती विनोद आमच्या वर्गात असे अर्धवट मेले असतील कोण जाणे.

उंच, काटकुळे, डोक्यावर कधीकाळी काळी असलेली टोपी आणि अंगात गळ्यापर्यंत बंद लांब कोट. कोटाचं एक बटण बाकीच्यांपेक्षा मोठं आणि पितळेचं होतं. कोणाची नजर त्याच्याकडे गेली की मास्तर आपणहून खुलासा करायचे, "हे हेडमास्तरांचं. त्यांनी जुना कोट टाकला तेव्हा मागून घेतलं." हा खुलासा ते हेडमास्तरांसमोर करायचे, शाळेच्या कमिटीसमोर करायचे, आणि एकदा तर गावातल्या एका लग्नात भर पंगतीत केला. हेडमास्तर तेव्हा समोरच्या पानावर जिलबी खात होते. त्यांचा चेहरा जो झाला तो मी पाहिलाय. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण चार लोकांत आपल्या जुन्या बटणाचा हिशेब कोणाला आवडेल?

आमचं गाव समुद्राला लागून. शाळेच्या मागे सुपारीच्या वाड्या, आणि वाडी संपली की समुद्राच्या वाळूची पुळण. वर्गात वाडीवाल्यांची मुलं होती, आतल्या भातखाचरांच्या गावांतून चालत येणारी होती, खाडीपलीकडची तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, येणारी होती. मी मामाकडे राहून शिकत होतो. वडील मी लहान असतानाच गेले. आई दिघीकडे चुलत्यांच्या घरात. मामानं जमेल तेवढं केलं, पण मॅट्रिक झाली की आपल्या सुपारीच्या वखारीत बसायचं, हे त्यानं मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. त्यातून सुटायची एकच वाट होती. मुंबईच्या एका धर्मादाय बोर्डिंगात आमच्या बाजूच्या एका मुलाला दरवर्षी फुकट जागा मिळायची, आणि त्यासाठी हेडमास्तरांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागायचा. मी झोपेतसुद्धा त्या दाखल्याचा विचार करत असे.

मास्तर आम्हाला मराठी शिकवायचे. ते आमच्या वर्गावर आले तेव्हा त्यांनी पहिलाच निबंध दिला, 'आमच्या गावची सकाळ'. आता मुंबईहून कोणीतरी निबंधाचं एक जाड पुस्तक आणलेलं होतं आणि ते वर्गात या घरून त्या घरी फिरत होतं. आम्ही सगळ्यांनी सकाळ त्यातूनच आणली. मास्तरांनी सगळे निबंध वाचले आणि दुसऱ्या दिवशी काही न बोलता आम्हाला रांगेत मागच्या वाडीत नेलं. तिथला गडी शिंपण्याची पन्हळ साफ करत होता.

मास्तरांनी त्याला अगदी अदबीनं विचारलं, "काय रे, इथला उसाचा मळा कुठे आहे?"

"ऊस?" तो उभाच राहिला. "मास्तर, हितं ऊस न्हाय. सुपारी हाय, नारल हाय."

"आणि मोट? मोटेवरची गाणी कोण म्हणतो इथे?"

"मोट कुटची? ह्यो रहाट हाय न्हवं समोर! तो गातो तेवढाच."

"पण या सगळ्या मुलांनी उसाचा मळा पाहिलाय. मोटेची गाणी ऐकलीत. सकाळी सकाळी."

गड्यानं आमच्यावरून एकदा नजर फिरवली. "मंग पोरांनाच इचारा की," म्हणाला आणि पुन्हा पन्हळीला लागला.

आम्ही पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होतो. मास्तर छडी काढणार, असं वाटलं होतं. ते वाडीच्या दगडी गडग्यावर बसले आणि विचारायला लागले, "सकाळी चुलीतला विस्तव विझलेला असला तर तुमच्या आया काय करतात?"

कोणीतरी म्हणालं, "शेजारून आणतात. नारळाच्या सोडणावर निखारा ठेवून."

"त्यात काही लाज?"

"नाही."

"शेजारीण परत मागते?"

"विस्तव कोण परत मागेल, मास्तर?"

"बरं. मग तुमची आई घरी येऊन असं म्हणते का, की हा विस्तव मीच गारगोटी घासून काढला?"

सगळे हसले. मास्तरही हसले. मग म्हणाले, "तेवढंच करा रे. आणा. पुस्तकातून आणा, कीर्तनातून आणा, बापाच्या तोंडचं आणा. विस्तव मागण्यात कमीपणा नाही, सगळ्या गावाच्या चुली तशाच पेटतात. फक्त कोणाकडचा ते खाली लिहा. आणि हा विस्तवाचा दाखला माझा नाही. माझी आई द्यायची."

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक निबंधाखाली एक ओळ आली. तिचं नावच 'विस्तव'. "विस्तव : सोन्यासारखे ऊन हे पुस्तकातले. रहाट आजोबांसारखा खोकतो हे धाकट्या बहिणीचे. बाकी माझे." मास्तर ती ओळ आधी वाचायचे आणि मग निबंध. एका आळशी पोरानं एकदा लिहिलं, "विस्तव : सर्व पुस्तकातले. सही तेवढी माझी." त्याला मास्तरांनी भर वर्गात शाबासकी दिली आणि गुण शून्य दिले. शाबासकीमुळे तो इतका खूश झाला की शून्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

निबंध उभं राहून मोठ्यानं वाचायचा असे. शेवटपर्यंत वाचून कोणी विस्तव न वाचता बसू लागला की मास्तर ओरडायचे, "अरे शहाण्या, बस म्हटलं कोणी? चूल पेटली, विस्तव कुठेय?" मग उठायचं, आणि परत सगळा निबंध पहिल्यापासून. विस्तव वाचून झाला की मास्तर वर्गाकडे वळून विचारायचे, "पोचला?" आणि सगळ्या वर्गानं एका आवाजात म्हणायचं, "पोचला!" म्हणजे निखारा वाटेत विझला नाही, घरी आला. वर्षानुवर्षं आम्ही हे केलं. इतकं अंगवळणी पडलं की सुट्टीत दिघीला गेल्यावर आईनं कोणाची तरी गोष्ट सांगितली तरी माझ्या तोंडून 'पोचला' निघायचं आणि ती म्हणायची, "काय रे मेल्या, कुठे पोचला? कोण पोचला?"

माझा आवाज खणखणीत होता. सगळं पुढचं त्या आवाजानंच घडवलं.

मी मॅट्रिकला आलो त्या वर्षी शिक्षणखात्याचे मोठे साहेब आमच्या किनाऱ्यावरच्या शाळा पाहायला आगबोटीनं येणार होते. साहेब म्हणजे आपल्याकडलेच, पगडीवाले. मराठी उत्तम जाणणारे. शाळेला रंग लागला, शिपायाला नवा पट्टा मिळाला, आणि मानपत्र द्यायचं ठरलं. हेडमास्तरांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. मला वाचायला निवडलं होतं म्हणून मीही दाराशी उभा होतो.

हेडमास्तरांनी कपाटातून जुनी मानपत्रं काढून टेबलावर ठेवली. "मागचंच घ्या. नाव बदला, वर्ष बदला. झालं."

मास्तरांनी चष्मा लावून ती वाचली. "यात साहेबांच्या घोडेस्वारीची फार तारीफ आहे. हे साहेब घोड्यावर बसतात?"

"मला काय ठाऊक?"

"मग मागचे बसत होते?"

"अहो, त्यांचंही त्याच्या मागचं पाहूनच लिहिलं होतं!"

"म्हणजे हा घोडा मुळात कोणाचा, हे कोणालाच माहीत नाही," मास्तर अगदी मनापासून चिंतेत पडून म्हणाले.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, हात जोडतो. हे मानपत्र आहे. तुमचा निबंध नाही. साहेब तासभर बसणार, पोहे खाणार, जाणार. घोडा असू दे. जसंच्या तसं उतरवून द्या, हा माझा हुकूम समजा."

हुकूम म्हटल्यावर मास्तरांनी ती मानपत्रं उचलली. त्यांनी दोन प्रती काढल्या. एक सुरेख अक्षरात, चांदीच्या करंडकातून साहेबांना द्यायची. दुसरी मी वाचायची, आणि नंतर शाळेच्या दप्तरात ठेवायची. समारंभाच्या सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि ती दुसरी प्रत दाखवली. सगळ्यात खाली, 'आपले नम्र' याच्याही खाली, बारीक अक्षरात ओळ होती.

"ही दप्तरासाठी," ते म्हणाले. "साहेबांच्या प्रतीवर नाही. दप्तराला तरी खरं माहीत असावं. तू 'आपले नम्र' म्हणायचं आणि थांबायचं. ही वाचायची नाही. कळलं?"

"हो मास्तर."

"काय कळलं?"

"ही वाचायची नाही."

त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला स्पष्ट कळलं होतं. हे इथे नीट लिहून ठेवतो, कारण याच्यावरच सगळं आहे.

समारंभ शाळेच्या पटांगणात होता. मांडव, सुपारीच्या शिंपुट्यांची, म्हणजे घोसांची, तोरणं, पुढे साहेब, कमिटीची मंडळी, गावातले झाडून सगळे. माझा मामासुद्धा धुतलेलं धोतर नेसून आला होता. मी वाचायला लागलो. आवाज चांगला लागला. घोडेस्वारीच्या ठिकाणी साहेबांनी भुवया जरा वर केल्या. ते हातात काठी घेऊन, एक पाय ओढत चालत आले होते. मी पुढे गेलो. 'आपले नम्र' म्हटलं आणि थांबलो.

आता टाळ्या यायला पाहिजे होत्या. पण हेडमास्तर त्या वेळी हाराचा अडकलेला जरीचा गोंडा सोडवत होते, आणि त्यांनी टाळी वाजवल्याशिवाय कोण वाजवणार? सगळं चिडीचूप. समोर पोरं, हातात कागद, कागदावर उरलेली एक ओळ आणि मी उभा. माझं डोकं कुठे होतं देव जाणे. तोंड आपलं वर्गात असल्यासारखं पुढे चालू लागलं.

"विस्तव!" मी खणखणीत आवाजात म्हणालो. "साहेबांचे सद्गुण मागील साहेबांच्या मानपत्रातून. मागील साहेबांचे त्यांच्या मागील साहेबांच्या मानपत्रातून. घोडा कोणाचा ते कळत नाही. नाव आणि वर्ष तेवढे नवे."

आणि मागे बसलेला आमचा अख्खा वर्ग, कोणी न विचारता, एका सुरात ओरडला, "पोचला!"

अजून तो आवाज कानात आला की मी घरात एकटा असलो तरी मान खाली घालतो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हेडमास्तरांना विचारलं, "हे काय आहे?"

हेडमास्तर पांढरेफटक पडले. ते माझ्याकडे वळले. "कोणी सांगितलं तुला हे वाचायला? बोल! कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. उलट वाचू नको म्हणून सांगितलं होतं. मला तेवढं बोलायचं होतं. पण समोर मामा होता, हेडमास्तर होते, आणि त्यांच्या हातात माझा दाखला होता. मी हातातल्या कागदाकडे बघत राहिलो.

शिक्षकांच्या रांगेत खुर्ची सरकली. मास्तर उभे राहिले.

"मी सांगितलं," ते म्हणाले.

"आणि हे लिहिलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"जुनं मानपत्र उतरवायचं हे कोणाच्या डोक्यातून आलं?"

मास्तरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. मी पाहत होतो. हेडमास्तर हारातली फुलं बघत होते. "आम्हाला याची काही कल्पना नव्हती, साहेब," ते म्हणाले.

"तेही माझंच," मास्तर म्हणाले.

ज्या माणसानं आयुष्यात उकाडासुद्धा शिपायाच्या नावावर टाकला, तो भर मांडवात सगळं आपलं, आपलं म्हणत उभा होता. आणि मी तो कागद हातात धरून, एका हाताच्या अंतरावर, गप्प. साहेब पोहे न खाता उठले.

खरं सांगू? मास्तर 'मी सांगितलं' म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आधी हायसं वाटलं, हे मी कोणाला कधी सांगितलं नाही.

कमिटी बसली. मास्तरांना काढलं नाही. प्रकृतीच्या कारणानं राजीनामा द्या म्हणून सुचवलं. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. राजीनाम्यातही त्यांनी लिहिलं म्हणे, "प्रकृतीचे कारण कमिटीने सुचवले आहे." हेडमास्तरांनी तो परत पाठवून ती ओळ काढायला लावली. आणि मला दाखला मिळाला. 'वर्तणूक उत्तम.' मुलगा बिचारा शिक्षकाच्या सांगण्यावरून वाचून गेला, त्याचा काय दोष, असं गावात सगळे म्हणत होते. मामासुद्धा म्हणाला, "तुझा मास्तर म्हणजे विक्षिप्तच. तुलाही बुडवत होता." मी जेवत होतो. खाली मान घालून जेवत राहिलो.

मास्तरांचं मूळ घर हरिहरेश्वराच्या अलीकडे, एका वाडीत. ते निघाले त्या दिवशी मी शाळा बुडवून चालत आगरदांड्याच्या धक्क्यावर गेलो. पलीकडची तर अजून धक्क्याला लागायची होती. मास्तरीणबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. मास्तर उभे राहून पाण्याकडे बघत होते. कोटाला पितळी बटण नव्हतं. ते त्यांनी निघताना हेडमास्तरांच्या घरी नेऊन दिलं होतं.

मी म्हटलं, "मास्तर, मी जाऊन सांगतो. तुम्ही मला वाचू नको म्हणाला होतात, हे सांगतो."

"आणि मग?"

"मग ते तुम्हाला परत बोलावतील."

"कशाला बोलावतील? ओळ मी लिहिली ना? मानपत्र मीच उतरवलं ना? ते काही तुझं नाही. तुझं म्हणशील तर तोंड चुकलं एवढंच. तेवढ्यासाठी दाखला घालवणार? आणि वखारीत बसणार?"

"पण तेवढं माझं आहे, मास्तर."

"होतं," मास्तर म्हणाले. "आता मी घेतलंय. एकदा दिलेली वस्तू परत मागू नये, आईनं शिकवलं नाही?"

मला रडू येत होतं. तरी मी म्हटलं, "पण कोणाकडचं ते सांगायला पाहिजे. तुम्हीच शिकवलंत."

ते जरा चमकले. मग खूप मऊ आवाजात म्हणाले, "सांग की. नको कुठे म्हणतोय? पण निखारा घेऊन निघालेला माणूस वाटेत गप्पा मारत थांबत नाही, निखारा विझतो. आधी घरी पोच. मुंबईला जा, शीक, पायावर उभा राहा. मग सांग. जमेल?"

"जमेल."

तांडेल ओरडला, "मास्तर, चला आता, पानी उतरंल!" मास्तर तरीत चढले. मास्तरीणबाईंनी मला हात केला. मास्तरांनी केला नाही. ते ट्रंक सरळ करत होते.

पुढचं लिहायचं म्हणजे माझ्या अंगावर येतं. पण आता अर्धं सांगून कसं चालेल?

मी मुंबईला गेलो. बोर्डिंगात जागा मिळाली, पुढे नोकरी मिळाली. पायावर उभा राहिलो. त्या दिवसांत साहेबाची जिरवल्याच्या गोष्टींना मोठा भाव होता. एकदा बोर्डिंगात जेवणं झाल्यावर पोरांत अशाच गप्पा चालल्या असताना मी ही गोष्ट सांगितली. तेव्हा निदान खरी सांगितली. फक्त 'वाचू नको' म्हणून मास्तरांनी बजावलं होतं, ते गाळलं. पोरं पोट धरधरून हसली. पुढच्या वेळी कोणीतरी विचारलं, "मुद्दाम वाचलंस ना रे?" मी नुसता हसलो. त्याच्या पुढच्या वेळी मीच म्हणालो, "मुद्दाम म्हणजे काय, चांगलं ठरवून वाचलं!" आणि अशी ती गोष्ट माझ्या तोंडात फिरत राहिली, गुळगुळीत होत गेली, आणि एक दिवस तिच्यातून मास्तरच गेले. ओळही मीच लिहिलेली झाली. साहेबाच्या तोंडावर, भर मांडवात, आमच्या गावचा एक पोरगा! पाठीवर थापा पडल्या. एका सभेत तर मला ती व्यासपीठावरून सांगायला लावली, आणि मी सांगितली. हातवारे करून सांगितली. वर्गाचं 'पोचला' मात्र मी ठेवलं होतं, कारण तिथे टाळ्या पडत.

मास्तरांनी माझी चूक उचलून आपल्या नावावर घेतली होती. मी त्यांचा खरेपणा उचलला आणि माझ्या नावावर केला. निबंधाच्या पुस्तकातून उसाचा मळा चोरणारी ती पोरं माझ्यापुढे साधुसंत म्हणायची.

मास्तर गेल्याचं मला उशिरा कळलं. तापानं गेले. सुट्टी काढून मी त्यांच्या वाडीत गेलो. लहानसं कौलारू घर, ओटीवर पाट्या रचलेल्या. शेवटपर्यंत आसपासच्या पोरांना शिकवत होते. मास्तरीणबाईंनी ओळखलं. पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं, आणि सवयीनं म्हणाल्या, "नारळ शेजारच्यांचा हो. ह्यांनी लावलेली खोड अजून जात नाही."

मग समोर बसून म्हणाल्या, "तुमची गोष्ट इकडे आली होती."

माझा हात बशीतच राहिला. "कसली गोष्ट, काकू?"

"तुमच्या बोर्डिंगातला इकडचा एक मुलगा आला होता सुट्टीत. कौतुकानं सांगत होता. म्हणे तुम्ही साहेबासाठी ती ओळ लिहिलीत काय, तोंडावर वाचलीत काय! ह्यांना म्हणाला, मास्तर, तुमचाच विद्यार्थी ना तो?"

"मग? मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, हो, माझाच. मोठा धीट मुलगा." त्या पदराशी चाळा करत होत्या. "तो गेल्यावर मी म्हटलं, अहो, ती ओळ तर तुम्ही लिहिलीत. माझ्यासमोर, देवघरात बसून लिहिलीत. हे कसं खपवून घेतलंत? तर म्हणाले, असू दे गं. त्याच्याकडे पेटली ना चूल? मग झालं."

मला वाटलं, एवढ्यावर संपलं. त्या उठल्या, माझ्या बशीत आणखी पोहे घातले.

"त्या दिवशी जेवले मात्र नाहीत," म्हणाल्या.

मी ते पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. त्या बाईसमोर, त्या ओटीवर, मास्तरांच्या पाट्यांच्या शेजारी बसून मला तेव्हाही खरं बोलता आलं नाही. "येतो काकू," म्हणालो आणि निघालो. घरी पोच आणि मग सांग, असं ते म्हणाले होते. घरी तर मी केव्हाच पोचलो होतो.

म्हणून आता इथे उभं राहून वाचतो.

विस्तव : विस्तवाचा दाखला मास्तरांच्या आईचा. मानपत्र उतरवायचा हुकूम हेडमास्तरांचा. त्याखालची ओळ मास्तरांची, अक्षरन् अक्षर त्यांची. वाचू नको हे बजावणंही त्यांचंच. ती माझ्या तोंडून निसटली ती निव्वळ सवयीनं. त्यात धाडस कणभर नव्हतं, आणि सवयही त्यांनीच लावलेली. नंतर मुंबईत जे सांगितलं ते सगळं चोरीचं. गप्प बसलो, ते तेवढं माझं.

मास्तर, पोचला?